ह्यांची हवा संपली म्हणून वर

बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. आयुष्यभर त्यांनी लोकांना वर नेलं आणि खाली आणलं, आणि स्वतः मात्र लिफ्टच्या टपावर उभं राहून, कपाळाला टॉर्च बांधून, ग्रीसने बरबटलेले हात घेऊन घरी आले. कंपनीने त्यांना परदेशी पाठवलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि दादा पंधराचा. चौदाव्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर मिळालं. त्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्याच कंपनीची होती, पण बाबांना राहवायचं नाही. दाराला कान लावून उभे राहायचे आणि म्हणायचे, "हिच्या घशात काहीतरी अडकलंय." शेजारपाजारचे बघत राहायचे. आई म्हणायची, "अहो, सुट्टी आहे ना आज? मग लिफ्टलाही द्या की."

समुद्राच्या तळाशी जायचं खूळ आमच्या घरात शिरलं तेही लिफ्टमुळेच. एका इमारतीत एक माणूस दोन मजल्यांच्या मध्ये अडकला होता. बाबा पोचेपर्यंत तो रडकुंडीला आला होता. बाबांनी टपावरची झडप उघडली, आत हात सोडून त्याचा हात धरला आणि जोडीदार खाली दुरुस्ती करत होता तोवर पाऊण तास मोडक्यातोडक्या भाषेत त्याच्याशी गप्पा मारल्या. बाहेर आल्यावर कळलं, लोकांना पाठीवर सिलिंडर बांधून समुद्राखाली नेऊन आणायचा त्याचा धंदा. "तीस मीटर पाण्याखाली जाणारा गडी डब्यात बसून रडतो!" हे बाबांनी त्या आठवड्यात चार वेळा सांगितलं. त्या माणसाने उपकाराची फेड म्हणून आम्हा चौघांना शिकवायचं कबूल केलं. आम्ही त्याला मास्तर म्हणू लागलो आणि तो त्या नावाला ओ देऊ लागला.

दादा आणि मी तर उड्याच मारत होतो. आई नाही म्हणेल असं वाटलं होतं. तिने फक्त एक विचारलं, "पाण्याखाली बोलता येत नाही ना?" मास्तर म्हणाले, नाही. "मग येते मी," आई म्हणाली. बाबांच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा. ते सगळ्यात मोठ्याने हसले.

शिकण्यात आई आम्हा सगळ्यांच्या पुढे गेली. तिचा श्वास असा संथ, की तळाला अर्धा तास काढूनही तिच्या सिलिंडरमध्ये निम्म्याहून जास्त हवा शिल्लक. सिलिंडरला एक काटा असतो. तो दोनशेवरून निघतो आणि पन्नासवर आला की वर यायचं. मास्तरांचा नियम होता, एकाचा काटा पन्नासला टेकला की सगळ्यांनी वर यायचं, कुरकुर करायची नाही. ज्याची हवा संपत आली त्याने मूठ मिटून छातीवर ठेवायची. मग त्याच्या सोबत्याने त्याचं कोपर धरायचं आणि दोघांनी सावकाश वर निघायचं. पाण्याचा वरचा थर पाच मीटरवर राहिला की दोराला धरून तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे अंगातली हवा बेतानं सुटते. मगच वर.

आई-बाबांची जोडी, दादा आणि मी मास्तरांबरोबर. दर खेपेची नोंद वहीत करायची असते. आईची वही म्हणजे मोत्यासारखं अक्षर. तारीख, खोली, किती मिनिटं, काय दिसलं. सोबत्याचं नाव लिहायच्या रकान्यात तिने पहिल्याच दिवशी लिहिलं, 'हे'. मास्तरांना सही करायची होती. ते रकान्यावर बोट ठेवून विचारायला लागले, हे कोण? आई लाजून लाल. दादाने हातवारे करत समजावलं, की आमच्याकडे नवऱ्याचं नावच 'हे' असतं. तेव्हापासून मास्तर बाबांना 'मिस्टर हे' म्हणायला लागले.

रविवार म्हणजे समुद्र, असं तीन वर्षं चाललं. सकाळी बस, मग धक्का, मग मास्तरांची लाँच. संध्याकाळी न्हाणीघरात चार ओले रबरी सूट टांगलेले असायचे. चार माणसं आत कातडं काढून ठेवून गेल्यासारखी दिसायची. बाबा त्याला हवापालट म्हणायचे. "आठवडाभर शाफ्टची धूळ खातो, रविवारी डब्यातली ताजी हवा."

आणि खायचेही तशीच. मूठ छातीवर यायची ती प्रत्येक वेळी बाबांची. आम्ही जेमतेम रंगात येतोय, समोरून माशांचा थवा वळतोय, आणि बाबांची मूठ. त्यांचं नाव मी 'हवाखाऊ' ठेवलं. मला त्याचा केवढा अभिमान! लाँचवर चढले की मी ओरडायची, "आले का हवाखाऊ?" बाबा कान धरून उठाबशा काढल्यासारखं करायचे आणि आईला म्हणायचे, "माझ्यामुळे तुझं बघायचं राहतं." आई केस पिळत म्हणायची, "राहू दे हो."

खडकाची एक लांबलचक भिंत होती. तिच्या पार टोकाला एक बुडालेली बोट पडली होती. आम्ही भिंतीच्या अर्ध्यापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. मला ती बोट बघायची होती. मला म्हणजे मलाच. वर्गातल्या एका मुलीने ती पाहिली होती आणि मीही पाहिली अशी थाप मी ठोकून मोकळी झाले होते. त्या बोटीत खोल्या आहेत, जिना आहे, असंही वर सांगितलं होतं.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीची गोष्ट. रविवारची संध्याकाळ होती. न्हाणीघरात बाबा गोड्या पाण्याने सूट धूत होते आणि मी टांगत होते. मध्येच ते स्टुलावर बसले. खोकले. मग म्हणाले, "धाकटे, पुढच्या वेळेपासून मी लाँचवरच बसेन म्हणतो. छाती भरून येते अलीकडे. एकदा दाखवून यावं डॉक्टरला."

मला पहिलं काय वाटलं असेल? छातीची काळजी? छे. बाबा उतरले नाहीत तर आई उतरणार नाही, आणि आई-बाबा घरी बसले की आमचेही रविवार बंद, एवढंच मला दिसलं. मी आगाऊ कार्टी. मी म्हणाले, "मग आईपण नाही उतरणार. तिला त्या बोटीचं किती वेड आहे माहितीये? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही ती."

बाबांनी हातातला सूट पिळला. बराच वेळ पिळत राहिले. "असं म्हणाली?"

"मला म्हणाली."

"बोलायचं ना मग," बाबा म्हणाले. "बघू. नेतो तिला." डॉक्टरचं नाव त्यानंतर निघालं नाही.

त्या वर्षी बाबा दर रविवारी आमच्याआधी तयार असायचे. जिना चढून येतो म्हणाले, लिफ्टवाला माणूस! सातव्या मजल्यावर धाप लागायची, तिथे बसून राहायचे आणि मग गुपचूप लिफ्टने वर यायचे. त्यांच्या कामावरच्या जोडीदाराने नंतर आम्हाला सांगितलं, की जेवायच्या सुट्टीत ते मशीनरूममध्ये पाठीवर झोपून, पोटावर घड्याळ ठेवून, सावकाश श्वास घ्यायची तालीम करायचे. जोडीदाराने विचारलं तर म्हणाले होते, "बायकोला एक ठिकाण दाखवायचंय."

एकदा आम्ही भिंतीचं वळण घेतलं. पुढे निळ्या अंधारात काहीतरी मोठं, चौकोनी दिसल्यासारखं झालं. मी मास्तरांचा हात ओढला. मागे वळून पाहिलं तर बाबांची मूठ छातीवर होती, आणि आईने त्यांचं कोपर आधीच धरलेलं होतं. लाँचवर मी दिवसभर कोणाशी बोलले नाही. तो बाबांचा शेवटचा रविवार ठरला.

त्याच महिन्यात ते कामावर लिफ्टच्या टपावरच खाली बसले. फुप्फुसं कडक होत चालली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. कशाने, ते सांगता यायचं नाही. किती दिवस त्रास होतोय, असं विचारलं. बाबा म्हणाले, "एवढ्यातच." आईनेही मान डोलावली, कारण तिलाही तसंच वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आला असतात तर औषधाला वेळ मिळाला असता. मी पलंगाच्या पायाशी उभी होते.

नोकरी सोडून आम्ही परत आलो. पुढच्या खोलीत बाबांची खाट आणि खाटेशेजारी सिलिंडर. "बघ, पुन्हा डब्यातली हवा," बाबा म्हणायचे. "पाठीवर नाही एवढीच काय ती सोय." बोलणं मात्र आटत चाललं होतं. चार शब्दांनंतर थांबायला लागायचं. ज्या माणसाच्या बडबडीला आम्ही वैतागायचो, त्याच्या एका वाक्यासाठी आम्ही तिघं कामं सोडून उभे राहायचो. काटा आई वाचायची. दर तासाला चष्मा लावून वाचायची.

एका दुपारी मी दारात उभी असताना बाबा आईला म्हणाले, "तुझी बोट राहिली गं."

आई चादर नीट करत होती. "राहू दे," ती म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. मी तेव्हा आत जायला हवं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, बाबा, आई तसं काही म्हणाली नव्हती, मी खोटं बोलले. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून भांडी घासत बसले. तीन दिवसांनी, दुपारीच, बाबांनी मूठ मिटून छातीवर ठेवली. सिलिंडर भरलेला होता. आईने काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने त्यांचं कोपर धरलं आणि ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

आईची वही माझ्या हाती लागली ती बऱ्याच वर्षांनी, कपाटाच्या वरच्या फळीवर. जागा तीच, खोली तीच. पहिल्या वर्षी एकेचाळीस मिनिटं. दुसऱ्या वर्षी पस्तीस. मग एकतीस, अठ्ठावीस, शेवटी चोवीस. पहिल्या वर्षी 'माझी ११०, ह्यांची ५०', शेवटी 'माझी १४५, ह्यांची ५०', आणि प्रत्येक पानावर त्याच मोत्यासारख्या अक्षरात: 'ह्यांची हवा संपली म्हणून वर.' डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आईने दर रविवारी लिहून ठेवलं होतं. त्याच्यावर मास्तरांची सही होती. आणि आम्ही सगळे हवाखाऊ म्हणून हसत होतो.

मी आईला म्हटलं, चल, जाऊ या परत. एकदा ती बोट बघून येऊ. तिने आढेवेढे घेतले. गुडघे, खर्च, वय. मी पाठ सोडली नाही. मला वाटलं होतं, बाबांचं राहिलेलं मी पुरं करतेय. तिला बोट दाखवली की माझं खोटं निदान अर्धं तरी खरं होईल.

मास्तर म्हातारे झाले होते, पण त्यांनी आईला लगेच ओळखलं. 'मिस्टर हे' कुठे, असं त्यांनी विचारलं. आईने मान हलवली आणि ते मग दोर आवरत बसले.

आम्ही दोघी उतरलो, मास्तर पुढे. भिंतीचं वळण आलं, गेलं. आईचा काटा अजून शंभरच्या वर होता. आणि बोट आली. लोखंडाचा गंजका सांगाडा, अर्धा वाळूत. मधोमध एक ट्रकचा टायर. एका कडेला फाटकं जाळं अडकलेलं. खोल्या नाहीत, जिना नाही. घ्यायची नसलेली भाजी बघावी तशी आईने ती बोट बघितली आणि माझ्याकडे वळून वर जाऊ या अशी खूण केली.

पाच मीटरवर आम्ही दोराला धरून थांबलो. आईचा एक हात दोरावर होता. दुसरा तिने उजवीकडे थोडा पुढे केला, कोपर धरायला करतात तसा. मी तिच्या डावीकडे होते. मास्तर घड्याळाकडे बघत होते. तीन मिनिटं तो हात तसाच होता.

लाँचवर टॉवेल गुंडाळून आईने वही मांडीवर घेतली. "हेच होतं होय ते?" ती म्हणाली. "ह्यांनी जाताना बोटीचं काय काढलं होतं, मला आजवर कळलं नाही. मला कुठे बघायची होती? मला बाई ती वर येतानाची तीन मिनिटं आवडायची. तोंडाला कुलूप, फोन नाही, कुठली लिफ्ट बंद नाही. माझ्यासमोर गप्प असे ते फक्त तिथेच असायचे. ह्यांची हवा लवकर संपायची ते मला बरंच वाटायचं." मग ती माझ्याकडे वळली. "कोणी घातलं त्यांच्या डोक्यात?"

मी सांगितलं. न्हाणीघर, पिळलेला सूट, डॉक्टरला दाखवायचं म्हणाले होते ते, मी काय म्हणाले ते. दारात उभी होते तेही सांगितलं.

"ते थांबणार होते?"

"हो."

"आणि मग माझ्यासाठी..." लाँच वळली, धक्का दिसायला लागला. आईने वही उघडली आणि लिहिलं. तारीख, खोली, मिनिटं अडतीस. सोबत्याच्या रकान्यात 'धाकटी'. वही तिने सहीसाठी मास्तरांऐवजी माझ्यासमोर धरली. सही वाकडीतिकडी झाली.

"आई, काहीतरी बोल ना," मी म्हणाले. "शिव्या दे हवं तर."

तिने वही मिटली आणि पिशवीत ठेवली.

"राहू दे," आई म्हणाली. बाबांनाही ती एवढंच म्हणाली होती.