उपाशी राहिलेल्या पेशी

कर्करोगाच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवणं हे मावशींचं काम. शाळेपुढे शिक्षण नाही, पण बावीस वर्षांत हात असा बसला होता की त्यांनी हाताळलेल्या पेशी मरत नाहीत, असं सगळे म्हणायचे. मावशी वरवर "काहीतरीच तुमचं" म्हणायच्या आणि मनातून फुलायच्या.

त्या वर्षी एका संशोधक मुलीने नवा प्रयोग मांडला. जाड भिंगाच्या चष्म्यामुळे तिला सगळे चष्मिस म्हणत. पेशींचे दोन गट होते. एका गटात गाठी रोखणारं जनुक शाबूत, दुसऱ्यातून ते काढून टाकलेलं. पेशीची उपासमार झाली की ती स्वतःच्याच आतले जुने, मोडके भाग खाते आणि तग धरते. कर्करोगाची पेशी तर या युक्तीच्या जोरावर औषधालाही पुरून उरते. जनुक नसलं तर हे स्वतःला खाणं वाढतं की घटतं, ते तिला पाहायचं होतं. दोन्ही गटांना वेळेवर पोषकद्रव घालायची जबाबदारी मावशींची.

शनिवारी पहिल्या गटाचा द्रव बदलून होतोय तोच सुनेचा फोन आला. नातू जिन्यावरून पडला होता. मावशी धावत सुटल्या, पण जाताजाता सवयीने वहीत दोन्ही गटांपुढे द्रव घातल्याची खूण करून गेल्या. नातवाला चार टाके पडले. दुसरा गट त्यांना आठवला तो थेट सोमवारी, दारातून आत शिरताना.

चष्मिस आधीच येऊन पेशी गोळा करत होती. "मावशी, दुसऱ्या गटाचा द्रव पार पिवळा पडलाय. शनिवारी घातला होतात ना?"

"घातला की," मावशी बोलून गेल्या.

"मग बरोबर. जनुक नाही, लगाम नाही, भराभर वाढल्या असतील आणि द्रव लवकर संपवला असेल."

महिन्याभरात निकाल आला. जनुक नसलेल्या पेशी स्वतःला सपाटून खात होत्या आणि औषधातूनही वाचत होत्या. चष्मिस पेढा मिळाल्यासारखी नाचली. त्या पेशी उपाशी होत्या म्हणून खात होत्या, हे जगात एकट्या मावशींनाच माहीत होतं.

निकाल पक्का करायला चष्मिसने पुढे तोच प्रयोग तीनदा केला. मावशींनी डोळ्यांत तेल घालून दोन्ही गट सांभाळले. पहिल्यासारखा फरक पुन्हा दिसेना. चार महिने गेले. शेवटी विभागाच्या मॅडम सगळ्यांसमोर चष्मिसवर उखडल्या, "तुझा हातच नीट नाही. मावशींजवळ बस आणि शीक."

ती खरंच येऊन बसली. "मावशी, माझं काय चुकतं ते सांगा. वाटेल तेवढं रागवा." तिने नळी हातात घेतली.

मावशींना तिच्याकडे बघवेना. "तुझं काही चुकत नाही गं," त्या म्हणाल्या. "त्या शनिवारी मी दुसऱ्या गटाला द्रव घातलाच नव्हता. वहीतली खूण खोटी आहे."

मुलीने नळी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं, मावशी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मावशी स्वतःच उठून मॅडमकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. पहिला निकाल बाद झाला. मग चष्मिसने दोन्ही गट मुद्दाम उपाशी ठेवून नव्याने प्रयोग केला, आणि त्यात खराखुरा फरक सापडला. शोधनिबंधाच्या शेवटी तिने मावशींचे आभार मानले. मावशींनी हात जोडून ती ओळ काढायला लावली.

ती मुलगी पुढेही नीट बोलायची, नीट हसायची. फक्त मावशींनी भरलेली वही ती आता दोनदा तपासायची आणि मावशी मान वळवून घ्यायच्या.

पुढच्या वर्षी मावशी निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात मॅडम म्हणाल्या, "इतकं प्रामाणिक माणूस मी पाहिलं नाही." टाळ्या वाजल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मावशींना झालं. समोरच्या रांगेत चष्मिसही टाळ्या वाजवत होती का, ते बघायला त्यांची मान काही वर झाली नाही.