मागं कोणीतरी उभं राहा रे!

दसऱ्याच्या सकाळी मी इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटच्या दाराला तोरण बांधत होते. झेंडू माझ्या धाकट्या भावाच्या, बाळूच्या मळ्यातला. आदल्या दिवशी त्यानेच पिशवी भरून पाठवलेला. फोन वाजला. बाळूची मुलगी ऋतुजा होती. "आत्या, पप्पांच्या गाडीला ट्रकनं मागून ठोकलं..." एवढंच म्हणाली, आणि मग नुसतं तिचं रडणं. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अर्धवट बांधलेलं ते तोरण नंतर शेजारणीने काढून टाकलं.

दहाव्याला आणि तेराव्याला जो येईल तो मला एकच सांगत होता, "ताई, त्याची वेळ भरली होती." अहो, कसली वेळ? मार्केटकडे वळायला त्याने ब्रेक दाबला, उजवीकडचा इंडिकेटर दिला, आणि मागे दोन्हीतलं काहीच पेटलं नाही, म्हणून माझा भाऊ गेला. ट्रकवाला पोलिसांना म्हणाला, "त्यांनी सिग्नलच दिला नाही." तो खोटं बोलला नाही, याचाच मला जास्त संताप येतो. अख्ख्या पंचक्रोशीत मागच्या दिव्यांवरून भांडणं काढणारा माणूस, आणि कागदावर चूक कुणाची? त्याची!

भांडणं म्हणजे खरोखरची भांडणं. सिग्नलला थांबला की शेजारच्या मोटारसायकलवाल्याला हाक मारायचा, "ओ भाऊ, ब्रेकची लाईट बंद हाय तुमची!" लोक म्हणायचे, तुला काय करायचंय? मग हा गाडीतून उतरायचाच. माझ्या मुलीच्या पाठवणीला आम्ही सगळे रडतोय, विहीणबाई डोळे पुसताहेत, आणि हा नवरीच्या गाडीमागे वाकून फुलांच्या माळा ओरबाडतोय. का, तर सजावटीने मागचे दिवे झाकले होते. मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला, "रड तू निवांत. तिला घरी तर पोचू दे!" जावई अजून हसतात त्यावर... म्हणजे हसायचे.

हे वेड त्याला लागलं ते त्यांच्या पिकअपमुळे. गाडी बाळूची आणि आमच्या चुलतभावाची, सुभाषची, सामाईक. दोघांची घरं एकाच अंगणात. मागे एकदा तिच्यात विचित्रच बिघाड झाला. ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणायचा, आणि इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा लुकलुकायचा. बाळूने बल्ब बदलला, फ्यूज बदलला, सातपूरच्या गॅरेजला नेऊन वायर बदलून आणली. ढिम्म! घरातलं कोणीही अंगणातून गेलं की याची हाक यायची, "मागं कोणीतरी उभं राहा रे! लागली का? आता?" वहिनी, म्हणजे बाळूची बायको, एकदा पोळी तव्यावर टाकून आल्या आणि ती जळली, तर त्या म्हणाल्या, "लागली हो, पोळी लागली!" शेवटी त्याने दिव्याचं अख्खं घरच उघडलं. आत होल्डरवर हिरवट बुरशीसारखा थर, आणि अर्थिंगची वायर जिथे पत्र्याला कसलेली, तो बोल्ट गंजून गेलेला. द्राक्षबागेच्या गावांत गाडी धुवायला फवारणीचा पंप लावतात. जोर चांगला, चिखल झटकन निघतो. पण त्या पंपात द्राक्षांवर फवारायचं मोरचूद राहिलेलं असतं. ते पाणी दिव्यात शिरतं आणि आतून सगळं खाऊन टाकतं. बाळूने पॉलिशपेपरने घासून बोल्ट कसला, दिवे लखलखले, आणि त्याने फर्मान काढलं: गाडीला पंप लावायचा नाही, बादली आणि फडकं.

पुढे 'लागली का'ला सगळेच कंटाळले. मग त्याने गोठ्याच्या भिंतीवर चुन्याने एक मोठा पांढरा चौकोन रंगवला. पहाटे निघायच्या आधी गाडी मागे घेऊन भिंतीजवळ आणायची, ब्रेक दाबायचा आणि आरशात बघायचं. चौकोन लाल झाला की निघायचं. "भिंतीला कंटाळा येत नाय, ताई," असं मला ऐकवायचा.

खंडेनवमीला गाडीची पूजा. बाळू मळ्यात फुलं तोडून घेत होता, आणि सुभाषने गाडी धुवायला पंपच लावला. वेळ कमी होता म्हणे! दसऱ्याच्या पहाटे शेवटचा माल निघायचा होता आणि गोठ्याच्या भिंतीला झेंडूचे क्रेट थेट वरपर्यंत रचलेले. चौकोन दिसेना. बाळूने गाडीत बसून हाक मारली, "सुभाष, मागं उभा राहा रे. लागली का?" ऋतुजा ओट्यावर होती, तिने ऐकलं. सुभाष मोबाईलवर दसऱ्याच्या शुभेच्छा पाठवत होता. मान वर न करता म्हणाला, "लागली रे दादा, जा तू."

लागली नव्हती. नंतर गॅरेजवाल्याने मागचा न फुटलेला दिवा उघडला तेव्हा आत पाणी होतं.

सुभाष हे वाचेल. वाचू दे. तेराव्याला तो माझ्या पाया पडायला आला, मी पाय मागे घेतले. लोक म्हणतात, त्याने मुद्दाम केलं का? नाही केलं. नुसती मान वर केली नाही. तेवढीसुद्धा करता आली नाही! राग बाळूवरही आहे. तू त्या दिवशी कसा विश्वास ठेवलास रे? नवरीच्या गाडीवर नाही ठेवलास, आणि सुभाषच्या शब्दावर ठेवलास?

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा वाटलं, विकून टाका. ऋतुजा म्हणाली, "फुलं काय डोक्यावर नेऊ, आत्या?" आता तीच चालवते. परवा पहाटे मी तिथेच होते. गोठ्याच्या भिंतीपाशी आता कोणी काही ठेवत नाही. तिने गाडी मागे घेतली. सुभाष घरातून धावत आला आणि मागे जाऊन उभा राहिला. रोज येतो म्हणे, कोणी न बोलावता. तिने ब्रेक दाबला. "लागली!" तो केवढ्याने तरी ओरडला, कोणी विचारलं नव्हतं तरी. ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं. "आत्या, लागली का?"

मी सुभाषकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहिलं. चौकोन लाल झाला होता. मग मी म्हटलं, "लागली. जा."