चोच असलेली पाणबुडी

"मॅडम, पाणबुडी झाली. फक्त चोच बाकी आहे."

गवंडी रामदासभाऊंचा हा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या मिहानमधल्या एका साइटवर होते. मागे काँक्रीट मिक्सर घरघरत होता. मला वाटलं, आपलाच कान चुकला.

"काय बाकी आहे?"

"चोच, चोच! उद्या बसवून टाकतो."

मी आर्किटेक्ट. ऑफिस धंतोलीत, चारी बाजूंनी हॉस्पिटलं, त्यामुळे अधूनमधून एखादा पेशंट एक्स-रे घेऊन माझ्याकडेही येतो. माझी कामंही तशीच: ओपीडी, लिफ्ट, रॅम्प. स्मारक हे पहिलंच. पारशिवनीकडच्या एका गावातला प्रशांत नौदलात अधिकारी होता. त्याची पाणबुडी समुद्रात खाली गेली ती परत वर आलीच नाही. कुणाचंच काही हाती लागलं नाही. गावानं तळ्याच्या पाळीवर त्याचं स्मारक करायचं ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं.

समितीचे अध्यक्ष वामनराव, माजी सरपंच. उत्साह दांडगा. "मॅडम, पुतळा करा, हातात बंदूक द्या." पाणबुडीत बंदूक घेऊन कुणी उभं राहत नाही, असं मी म्हटलं. "मग मागं एखादं विमान घ्या!" त्यांना तरी काय बोल लावणार? नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. शेवटी एक साधी भिंत, तिच्यावर सिमेंटमध्ये उठावाची पाणबुडी आणि खाली मजकुराचा काळा दगड, यावर आमचा समझोता झाला.

घोडं अडलं ते दगडापाशी. वामनरावांनी मजकूर लिहिला: 'पाणबुडीसह समुद्रात बुडून शहीद झाले.' प्रशांतच्या आईला, शांताकाकूंना, तो मी वाचून दाखवला. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. सूप थांबलं.

"बुडून नाही लिहाचं."

"मग काय लिहू, काकू?"

"ते मले काय मालूम? तुम्ही शिकलेल्या. पण माहा पोरगा बुडाला असं लिहिलं, तर त्या भिंतीपाशी मी पाय ठेवणार नाही."

आत प्रशांतचा युनिफॉर्ममधला फोटो होता. त्याला हार नव्हता. ज्या नातेवाइकांनी हाराचा विषय काढला ते चहा न पिता परत गेले, असं वामनरावांनी मला हळूच सांगितलं. मला मात्र काकू यायलाच हव्या होत्या. आईच आली नाही तर हे बांधायचं कुणासाठी? साहेब फीत कापून जातील आणि दुसऱ्या दिवसापासून लोक त्या भिंतीला सायकली टेकवतील.

आम्ही शब्द बदलून पाहिले. 'जलसमाधी' म्हटलं तर काकू म्हणाल्या, "साधू होता का तो?" 'सागरात विलीन' म्हटलं तर, "मीठ होय का?" दगड कोराच राहिला.

आता चोचीकडे येते. आमच्या धंद्यात एक सोय असते. ड्रॉइंगमध्ये एखादी गोष्ट अजून ठरायची बाकी असेल तर तिथे रिकामा चौकोन काढायचा, आत तिचं नाव लिहायचं आणि खाली 'डिटेल नंतर'. म्हणजे जागा धरून ठेवा, तपशील पाठवतो. मी चौकोनात 'पाणबुडी' लिहिलं आणि नौदलाकडून फोटो यायची वाट बघत बसले. रामदासभाऊ देवळांच्या कमानींवर मोर आणि हत्ती करणारे. त्यांनी 'पाणबुडी' वाचलं, 'डिटेल नंतर' वाचलंच नाही. त्यांना कशाला हवेत डिटेल? त्यांच्या लेखी पाणबुडी म्हणजे समोरच्या तळ्यातलं ते भुरं, गुबगुबीत पाखरू. इथे बुडी मारतं, भलतीकडेच वर येतं.

मी गाडी काढून गावात पोचले तेव्हा वामनराव आधीच तिथे होते आणि चांगलेच तापले होते.

"काहून गा रामदास, नेव्हीचे साहेब येऊन राहिले, त्यांले बदक दाखवू का?"

"बदक नाही जी," रामदासभाऊ दुखावून म्हणाले. "बदकाची चोच चपटी राहते."

पाखरू सुरेख झालं होतं. अर्धं अंग पाण्यात, मान पुढे. पण इलाज नव्हता. "तोडावं लागेल," मी म्हटलं आणि मला वाईट वाटलं. रामदासभाऊंनी मुकाट्यानं हातोडा उचलला.

तेवढ्यात शांताकाकू पाळीवर आल्या. बदकाची बातमी त्यांच्यापर्यंत गेलीच होती. त्या भिंतीजवळ गेल्या आणि पाखराच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"काकू, चूक झाली. प्रशांतची पाणबुडी वेगळी होती."

"मले मालूम नाही का? बंदरावर नेऊन दाखवली होती त्यानं. काळी, लोखंडाची." त्यांचा हात अजून पाखरावरच होता. "पण लहानपणी दिवसभर हिच्याच मागं राहे. हिनं बुडी मारली का हाही मारे. मी काठावर काठी घेऊन उभी. कुठून निघन, पत्ताच नाही लागू दे."

त्या हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

"तो येणार नाही, समजते मले. एवढी येडी नाही मी. पण बुडाला म्हणू नका. ज्याले पोहता येत नाही तो बुडते. माह्या पोरानं बुडी मारली."

रामदासभाऊंनी हातोडा खाली ठेवला. वामनराव थोडे घुटमळले, मग म्हणाले, "शहीद तरी लिहू द्या, वहिनी."

"लिहा."

दगडावर नाव आणि हुद्दा आला, शहीद आलं आणि त्याखाली एक ओळ: 'याच तळ्यात बुडी मारायला शिकले.'

अनावरणाला नौदलाचे एक तरुण अधिकारी आले. पडदा सरकला आणि ते पाखराकडे बघतच राहिले. वामनराव लगबगीनं पुढे झाले. "सर, ये हमारी लोकल पाणबुडी है." मग त्यांनी खालच्या ओळीचा अर्थ सांगितला. अधिकाऱ्यांनी टोपी सारखी केली आणि खाडकन सॅल्यूट ठोकला.

समितीनं झेंडूचा मोठा हार आणला होता. वामनरावांनी तो काकूंच्या हाती दिला. काकूंनी एकदा पाखराकडे पाहिलं.

"पाखराले कोणी हार घालते का?" त्या म्हणाल्या आणि हार पदराखाली घेतला. "घरी नेतो. फोटोले घालीन."

आमच्या ऑफिसात आता 'डिटेल नंतर' लिहायला सक्त बंदी आहे. चौकोन काढला की सोबत फोटो जोडायचाच. हा नियम आधीच असता तर त्या फोटोला अजून हार नसता, हे मी स्टाफला सांगत नाही.