गाऱ्हाण्याशिवाय सुटलेली ट्रेन

बाबलकाका गेले.

आणि पार्कच्या पेजवर आज वीकेंड ऑफरची पोस्ट आहे.

पार्कचं नाव लिहीत नाही. डिचोलीकडच्या सगळ्यांना कळेलच. ती टॉय ट्रेन, तो काळोखा बोगदा, तो पाणी उडवणारा हत्ती.

बाबलकाका ती ट्रेन चालवायचे. पेडण्यातल्या पार्सेहून यायचे, म्हापशात बस बदलून.

ट्रेन सुटायच्या आधी ते माईक हातात घ्यायचे. आणि सेफ्टी अनाउन्समेंट नाही, चक्क गाऱ्हाणं घालायचे.

बाहेरच्या फ्रेंड्ससाठी सांगते. आमच्याकडे काहीही सुरू करताना एक मोठा माणूस देवाला मोठ्याने सांगणं घालतो, आणि प्रत्येक ओळीला बाकीचे सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात.

“बा देवा म्हाराजा!”
“व्हय म्हाराजा!”
“आज ही पोरां तुझ्या गाडयेत बसली हत, तेंका बोगद्यातसून सुखरूप भायर काड रे म्हाराजा!”
“व्हय म्हाराजा!”
“आणि जो कोण चालू गाडयेत उभो रवात, तेका आवशीचो धपाटो बसांदे रे म्हाराजा!”
“व्हय म्हाराजाऽऽ!”

ह्याला सगळ्यात मोठ्याने ओरडायच्या त्या सगळ्या आया.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा केजीत होते. आमोण्याहून पप्पांच्या स्कूटरवर, पुढे उभी राहून. इंग्लिश मीडियमचं पोर. गाऱ्हाणं म्हणजे काय, काही पत्ता नाही.

मला वाटलं, ट्रेन निघतेय म्हणून सगळे टाटा करतायत.

म्हणून मी दोन्ही हात हलवून ओरडले, “बाय म्हाराजा!”

काकांनी ट्रेन सोडायची थांबवली. माईक चालूच होता. एवढे हसले की अख्ख्या पार्कला ऐकू गेलं.

“कोणाचा गे ह्या चेडू? देवाक टाटा करता!”

त्या दिवसापासून मी त्यांची ‘बाय’. आमच्याकडे मुलीला बायच म्हणतात, त्यामुळे तो जोक त्यांना कधी जुना झालाच नाही.

माझं राइड्सचं वेड तिथून सुरू झालं. जगातल्या सगळ्या रोलर कोस्टर्सचे व्हिडिओ बघून झालेत माझे. बसलेय मात्र ह्या एकाच ट्रेनमध्ये.

आधी ग्रुपने जायचो. मग कोण पुण्याला गेलं, कोण बंगळूरला. बाकीच्यांना लाज वाटायला लागली. “अगे, त्या डबड्याला तू राइड म्हणतेस?”

मग मी एकटीच जायला लागले. शेवटच्या डब्यात, डावीकडे.

आणि पार्क हळूहळू कमी होत गेला.

हत्तीचं पाणी बंद झालं. मी म्हटलं, ठीक आहे.
बोगद्यातली टांगलेली रबरी वटवाघळं गेली. ठीक आहे.
एक डबा काढला. त्याचे पार्ट दुसऱ्या डब्यांना लावले. तेही ठीक आहे, मी कमेंट्समध्ये त्यांच्या बाजूने भांडले. पार्क चालवणं सोपं नाही, सपोर्ट करा, वगैरे.

मग काकांना काढलं.

तिकीट फाडणाराच आता बटण दाबतो. एक रेकॉर्डिंग लागतं. हात बाहेर काढू नका, उभे राहू नका, तीन भाषांत. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, “आवाज आधीपेक्षा क्लियर आहे ना?”

आहे. खूप क्लियर आहे.

त्यानंतर एका रविवारी काका मला लाईनमध्ये दिसले. इस्त्रीचा शर्ट, हातात तिकीट.

“काका, तुम्ही लाईनीत?”

“मगे? आता मी पब्लिक.”

माझ्या बाजूला बसले. रेकॉर्डिंग सुरू झालं. काकांनी घसा साफ केला, “बा देवा...”

रेकॉर्डिंगवाली बोलतच राहिली. त्यांनी परत सुरू केलं. ती बोलतच राहिली. पुढच्या सीटवरच्या आईने मुलाला जवळ ओढून घेतलं.

काका हळूच म्हणाले, “ही बाई स्वास कधी घेता गे?”

मी हसले. मग ट्रेन बोगद्यात गेली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “काका, ही चीटिंग आहे. इतकी वर्षं येतोय आम्ही.”

“चीटिंग नाय गे बाय. इसारले ते. समोर कोण तरी बसलो हा, ताच इसारले.” मग उतरताना म्हणाले, “तू मात्र येत रव. कोण नाय इला तर बंदच पडात.”

काका, मला अजून चीटिंगच वाटते. हत्तीचं पाणी त्यांचं होतं, त्यांनी बंद केलं. पण ‘व्हय म्हाराजा’ आमचं होतं. त्या अख्ख्या पार्कात आमची तेवढीच एक ओळ होती. ती कापायच्या आधी कोणी विचारलं नाही.

आज सकाळी पार्सेला काकांच्या घरी जाऊन आले. पार्कमधलं कोणी आलं नव्हतं. मी कोण ते कसं सांगायचं कळेना, म्हणून दारातच उभी होते.

काकांचा मुलगा बाहेर आला. थोडा वेळ बघत राहिला.

“तू ती देवाक टाटा करणारी मगे?”

एवढा वेळ रडले नव्हते.

तिथून सरळ पार्कमध्ये गेले. काकांनी येत रव म्हटलं होतं ना. शेवटचा डबा, डावी बाजू. डब्यात मी एकटी. रेकॉर्डिंग लागलं. मी वाट बघत राहिले, कुठेतरी थांबेल, मग मी म्हणेन. नाही थांबलं. ट्रेन सुटली, बोगदा आला, गेला.

तिकीटवाला म्हणाला, “मॅडम, उतरा.”

उतरले. रिकाम्या डब्याकडे बघून दोन्ही हात हलवले. ह्या वेळी चुकून नाही.

बाय, म्हाराजा.