वीतभर अंतरावरचा हात

परवा महिना झाला. सुभानपुऱ्याहून शरयूताईंच्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. सकाळी मावशी गेली, एवढंच तो म्हणाला. मी बरं म्हणून फोन ठेवला, आणि मग... उरलेले कपडे वाळत घातले. माझं हे असंच. रडू यायला मला वेळ लागतो.

निजामपुऱ्यात आमच्यापासून दोन घरं सोडून त्या एकट्या राहायच्या. लहान मुलांना व्यायाम देणाऱ्या फिजिओथेरपिस्ट. घरोघर केबल येत होती त्या दिवसांत माझी मुक्ता दोन महिने आधीच जन्मली, जेमतेम दीड किलोची. पुढे अंग भरलं, पण मांडीवर बसवली की कणकेच्या गोळ्यासारखी एका बाजूला कलंडायची. शरयूताई कामावरून परतताना रोज आमच्याकडे थांबत. जन्मल्यापासून महिने मोजू नकोस, यायची होती त्या तारखेपासून मोज, हे त्यांनी मला कितीदा बजावलं असेल. जुनी निळी सतरंजी पसरून तिला पालथी घालायच्या, खुळखुळा जरा उंच धरायच्या आणि "चाल दीकरी, डोकं वर" असं निम्म्या गुजरातीत लेकीला सांगावं तसं म्हणत राहायच्या. बसवून बघताना त्यांचा हात तिच्या पाठीमागे वीतभर अंतरावर असायचा, पण पाठीला लागायचा नाही. मला ते बघवायचं नाही. मी उशा घेऊन धावायची, त्या उशा बाजूला सारायच्या.

संक्रांतीला बोरन्हाण ठरलं. पाणीगेटहून सगळं सासर येणार. अकरा महिन्यांची पोर अजून बसत नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. मी ओढणीने मुक्ताला छोट्या खुर्चीच्या पाठीला बांधली आणि गाठ मागे लपवली. काळं झबलं, हलव्याचे दागिने, गच्चीवर पतंगांचा कल्ला... डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतले तेव्हा सगळ्या म्हणाल्या, किती गुणाची बसली आहे. शरयूताई तिळगूळ घेऊन आल्या. त्यांना गाठ दिसली. पाहुणे गेल्यावर त्यांनी ती सोडली, आणि मुक्ता त्यांच्या हातावर कोसळली.

"आज सगळ्यांनी हिला बसलेली पाहिली," त्या म्हणाल्या. "आता खरंच बसेल तेव्हा कोण बघणार गं?"

त्या दिवसाइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

होळीच्या सुमारास त्या आठ दिवस भावाकडे सुरतेला गेल्या, आणि दुसऱ्याच दिवशी मुक्ता बसली. दोन्ही हात पुढे टेकून, बेडकासारखी, पण बसली. मी कुणाला सांगितलं नाही, तिच्या बाबांनासुद्धा नाही. शरयूताई परत आल्या त्या संध्याकाळी तिला सतरंजीवर ठेवलं, लांब सरले आणि म्हटलं, बघा, आज काय होतंय. त्या बघत राहिल्या. डोळे पुसले. मला वाटलं, फेड झाली. खोटं बोलले होते, हे मात्र मनात राहून गेलं.

सतरा वर्षांनी, यंदा, त्या आजारी पडून भाच्याकडे होत्या. मी आणि मुक्ता भेटायला गेलो. त्यांना उठून बसायचं होतं. मुक्ताने बसवलं, आणि मग मी पाहिलं, हिचा हात त्यांच्या पाठीमागे वीतभर अंतरावर थांबला होता. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. शरयूताई थरथरत बसल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी सुरतेला होते तेव्हाच बसली होती ना गं? पहिल्या दिवशी मूल हात टेकून बसतं. मी आले त्या संध्याकाळी हिचे दोन्ही हात मोकळे होते."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू माझ्यासाठी थांबली होतीस," त्या म्हणाल्या. "मला आणखी काय हवं होतं?"

पंधरा दिवसांनी त्या गेल्या.

ती सतरंजी अजून आमच्याकडे आहे. काल धुवायला काढली आणि धुतली नाही. जमिनीवर पसरून तिच्यावर बसले, पाठ कशालाही न टेकता. आणि मग त्या दिवशी कपडे वाळत घालताना न आलेलं रडू आलं.