पूजा उठायच्या आधी

हे सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. माझ्या निवृत्तीच्या समारंभात टाळलं, शाळेच्या स्मरणिकेत टाळलं, आणि मागच्या महिन्यातल्या शोकसभेतही टाळलं. पांचाळ मास्तर आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथकडच्या आमच्या हायस्कुलात सुतारकाम शिकवायचे. मी तेव्हा तिथला हेडमास्तर. त्यांच्या मुलाचा फोन आला, "सर, बाबा गेले," आणि मी उठून आधी घराचं दार लावून घेतलं. का लावलं, कुणास ठाऊक. कोण येणार होतं जाब विचारायला...

मास्तर अजिबात गरीब स्वभावाचे नव्हते. बढाईखोर, भांडखोर, आवाज असा की वर्कशॉपात बोलले तर माझ्या गणिताच्या वर्गात ऐकू यायचं. शनिवारी दुपारी त्यांचा सुतार क्लब भरायचा. गावातल्या मोडक्या खुर्च्या, शेतातल्या डवऱ्यांचे दांडे, पाळणे, सगळं तिथं यायचं आणि पोरं दुरुस्त करायची. इतर शिक्षक चिडवत, "मास्तर, दुकान टाकलं का शाळेत?" त्यावर मिशीला हात लावून म्हणायचे, "तुमच्या गणितात चुकलं का खोडता येते. आमच्यात टेबल चुकलं का त्याचं स्टूल होते, स्टूल चुकलं का पाट होते, अन पाटबी चुकला का बायको खुश, चुलीला लाकूड!" क्लबात एकच मुलगी होती, संगीता. शाळेमागच्या भाजीवाल्याची. तिच्याबद्दल मात्र ते बढाई मारायचे ती स्वतःबद्दलच्या बढाईपेक्षा मोठी.

दसऱ्याची सुटी लागायच्या दिवशी वर्कशॉपात हत्यारांची पूजा व्हायची. रंधे, पटाशा, करवती पुसून मांडायच्या, हळद-कुंकू, झेंडूचे हार. एकदा पूजा बसली की सुटी संपून मास्तर स्वतः ती उठवेपर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही. त्या वर्षी गोल करवतीची मशीन नवीन आलेली. तिच्या पात्यावर लोखंडी झाकण होतं. मी म्हणालो, "झाकण काढा, मास्तर. देवाचं तोंड झाकून पूजा करता का?" पाहुणे हसले. मास्तरांनी काढलं, पण मला बाजूला घेऊन बजावलं, "पूजा उठली का पयले झाकण बसवतो, मग बटन. तवर कोनी येऊ नका इकडं."

सुटीत ते बोथ गावी भावाकडं गेले. आणि मला घाई सुटली. शाळा उघडताच मोठे साहेब येणार होते, दर्शनी भिंतीवर गुणवंतांचा फलक हवा होता. वर्कशॉपची दुसरी किल्ली माझ्याकडं असायची. फलकाच्या फळ्या कापायला मी संगीताला घरून बोलावलं. ती दारातच थबकली. "सर, पूजा उठली नाई ना अजून?"

"मी उठवतो की. हेडमास्तर आहे मी."

मी हार काढला, अक्षता टाकल्या, नारळ हलवला. पूजा उठली. त्या उठवण्यातच झाकण बसवणंही होतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पहिलीच फळी कापताना तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "झाकण कुणी काढलं?" मास्तर म्हणाले, "मी काढलं." खरंच होतं ते. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पुढचं मी बोलायचं होतं. मी बोललो, "वर्कशॉपची किल्ली मास्तरांकडं असते." तेही खोटं नव्हतं. संगीता आदिलाबादच्या दवाखान्यात होती. तिला विचारायला चौकशीवाल्यांना जाऊ दिलं नाही मी. वर्कशॉपला कुलूप लागलं, मशीन लिलावात गेली, क्लब बंद झाला. मास्तर रिकाम्या तासांवर बसू लागले आणि त्यांचा आवाज माझ्या वर्गापर्यंत परत कधी आला नाही. गावात कुणी पाळणासुद्धा करायला देईना. बोटं घालवणारा मास्तर, हेच नाव पडलं.

यंदा उन्हाळ्यात ते आजारी असल्याचं कळलं, म्हणून गेलो. ओसरीवर खाटेवर बसले होते. मी बसलो, उठलो, पुन्हा बसलो. ते म्हणाले, "बोला, सर." मी विचारलं, "शुगर किती आहे?" ते म्हणाले, "हाय. चालून राह्यली." मग सुनेनं चहा आणला.

शोकसभेत मी त्यांना कर्तव्यदक्ष म्हणालो. सभा संपल्यावर संगीता भेटली. केस पिकलेत आता तिचे.

"सर, आजबी नाई बोलले तुमी."

"तू काऊन नाही बोललीस इतकी वर्षं?" मी विचारलं. विचारायचा मला काय अधिकार होता!

"मास्तरनं बोलू देलं नाई. दवाखान्यात येऊन म्हणाले, तू गप राय पोरी, हेडमास्तर सोताहून सांगतीन. माणूस वाईट नाई तो, म्हणे. आखरीलाबी मी गेली तवा तेच. येतीन ते, म्हणे."

मी गेलो होतो की! त्यांच्या समोर बसून चहा पिऊन आलो. तुम्ही "बोला, सर" म्हणालात, मास्तर, तेव्हा बोलायचं होतं ते एवढंच: पूजा मी उठवली, पोरीला मशीनवर मी बसवलं, तुमचा काहीही दोष नव्हता. मला माफ करा.