पिवळा चौकोन

अण्णाला फोनवर बोलता येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे त्या दुपारी बीदरच्या घरी, माडीवरच्या खोलीत मी काम करत बसले असताना मोबाइलवर त्याचा फोन आला तेव्हा मला वाटलं, चुकून बोट लागलं असेल.

अण्णा माझा थोरला भाऊ. बंगळूरला एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढायचा. आदल्या वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बरेचसे सुधारले, वाचा मात्र पुरती परत आली नाही. समोरच्याचं बोलणं त्याला कळायचं. स्वतःला हवा तो शब्द सापडायचा नाही. अक्षरं दिसायची, पण लागायची नाहीत. कानडी, उर्दू, इंग्रजी सगळं सहज बोलणारा माणूस. त्यातून परत आले ते फक्त घरातले मराठी शब्द, तेही मोजके. आई. पाणी. न्हाई. आणि कोहिनूर, म्हणजे बसवकल्याणकडचं आमचं गाव. काहीही विचारलं तरी पुष्कळदा त्याच्या तोंडून कोहिनूरच निघायचं, आणि ते चुकलंय हे त्याला तत्क्षणी कळायचं. मग तो मान फिरवायचा.

वैनी बंगळूरच्याच एका शाळेत शिकवते. बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे त्याला रोज नेणं तिला जमणारं नव्हतं. सुरुवातीचे काही दिवस तिने सोबत केली, मग तो एकटा जायला लागला. घरापासून बस, पुढे मेट्रो, उतरून थोडं चालायचं. वैनी मला फोनवर अभिमानाने सांगायची, की तुमच्या ॲपवर जायलेत बरं का तुमचे अण्णा.

आमचं ॲप म्हणजे मी ज्या कंपनीत काम करते तिचं. शहरात मेट्रोने आणि बसने फिरणाऱ्यांना कुठली गाडी कधी येईल, कुठे बदलायची, ते दाखवणारं. माझं काम पडदे आखायचं. कुठलं बटण कुठे, कुठला रंग, किती मोठं अक्षर. कोरोनानंतर मी बीदरला आईअप्पांकडे आले आणि इथूनच काम करत राहिले. त्या वर्षी आम्ही सगळं ॲप नव्याने आखत होतो. जुन्या पडद्यावर फार गर्दी झाली होती, अशी लोकांची तक्रार होती आणि ती खरीही होती. खाली रंगीत चौकोनांची एक ओळ होती. नेहमीची ठिकाणं तिथे ठेवता यायची. ते चौकोन फारसं कुणी वापरत नाही असं दिसलं, म्हणून ते काढायचं ठरलं. नव्या पडद्यावर वर एकच पांढरी चौकट ठेवली, 'कुठे जायचंय?' असं विचारणारी. ती मी आखली होती. मला ती आवडलीही होती.

फोन उचलला तर रस्त्याचा आवाज. मी म्हणाले, "अण्णा?"

मग तो म्हणाला, "पिवळं."

मला कळलं नाही. मी विचारलं, कुठं आहेस, वैनी आहे का जवळ, बरं वाटायलंय ना.

"पिवळं न्हाई," तो म्हणाला. "न्हाई. पिवळं न्हाई."

त्याच दिवशी सकाळी नवं ॲप सगळ्यांच्या फोनवर जायला सुरुवात झाली होती. ऑफिसच्या मीटिंगमध्ये आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं होतं. मला एकदम उमगलं. तो स्टेशनांची नावं हळूहळू का होईना वाचत असेल, असं मी धरून चालले होते. तो काहीच वाचत नव्हता. बाईंकडे जायला खाली डाव्या कोपऱ्यातला पिवळा चौकोन दाबायचा, मग फोन थरथरला की उतरायचं, एवढंच त्याने पाठ केलं होतं. बहुधा घरी परतायचा चौकोन दुसऱ्या कुठल्या तरी रंगाचा असेल.

मी माझ्या फोनवर तेच ॲप उघडलं. आता आम्हा दोघांपुढे एकच पडदा होता. मी म्हणाले, घाबरू नको, सगळ्यात वर बघ, पांढरी चौकट आहे, तिच्यावर बोट ठेव. त्याने ठेवलं असावं. कारण मग तो गप्प झाला. तिथे टाइप करायची अक्षरांची पाटी उघडते. मी म्हणाले, बाजूला माइक आहे बघ, त्याला दाब आणि नाव सांग. बोलताना माझ्याच लक्षात आलं की त्या माइकला मराठी येत नाही.

तरी त्याने दाबलं. मला त्याचा आवाज ऐकू आला, नीट, शाळेत कविता म्हणतात तसा. "कोहिनूर."

असं कुठलंही ठिकाण सापडलं नाही, हे वाक्य पडद्यावर आलं असणार. तेही मीच लिहिलं होतं, शक्य तितकं सौम्य करून.

मी त्याला म्हणाले, शेजारच्या कुणाला तरी फोन दे, मी बोलते. "न्हाई," तो म्हणाला. मागे एकदा बसमध्ये लोकांनी त्याला दारू प्यायलाय असं समजून खाली उतरवलं होतं. मी पुन्हा म्हणाले, फक्त फोन पुढे कर अण्णा, काही बोलू नको. फोन बंद झाला. मी लावत राहिले, त्याने घेतला नाही.

वैनी वर्गात होती, तिचा फोन बंद. माझ्या लॅपटॉपवर त्या घडीला शहरात ॲप वापरणारे सगळे प्रवासी नकाशावर ठिपके होऊन हलताना दिसत होते. त्यातला एक अण्णा होता. कुठला, ते कळायची सोय नव्हती. कुणावर पाळत ठेवता येऊ नये म्हणून आम्हीच ते तसं केलेलं होतं. खाली आईने जेवायला हाक मारली. मी भूक नाही म्हणाले आणि ठिपक्यांकडे बघत बसले.

दिवेलागणीला तो घरी पोचला, चालत. वैनीने सांगितलं, पायाला फोड आलेत, काही सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या ऑफिसच्या प्रमुख बाईंना व्हिडिओवर सगळं सांगितलं. म्हणाले, चौकोन परत आणू या, निदान मागेल त्याच्यापुरते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, त्यांचे डोळे भरून आले. विनंती नोंदवून ठेव, पुढच्या तिमाहीत नक्की बघू, म्हणाल्या. जुनं ॲप तरी त्याच्या फोनवर टाकता येईल का, असं मी इंजिनिअर लोकांना विचारलं. टाकता येईल, पण त्याला उत्तर द्यायला पलीकडे कंपनीच्या सर्व्हरवर आता काही उरलेलं नाही, असं ते म्हणाले.

मी बंगळूरला गेले. रोज सकाळी जेवायच्या टेबलावर त्याच्या शेजारी बसून नवा पडदा शिकवायचा प्रयत्न केला. त्याच्या फोनवर एक पिवळं चित्र लावलं, ते दाबलं की थेट त्याचा रस्ता उघडेल असं. ते उघडायचं, पण मध्येच ॲप काही ना काही विचारायचं, हो किंवा नाही, आणि तिथे तो अडायचा. सोबत गेले की सगळं जमायचं. मी दोन पावलं मागे राहिले की तो थांबून माझी वाट बघायचा.

एका सकाळी त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. माझ्याकडे बोट केलं, मग फोनकडे.

"तू," तो म्हणाला. पुढचा शब्द शोधायला त्याला फार वेळ लागला. मी तो दिला नाही. "तू... केलीस?"

"व्हय," मी म्हणाले.

त्याने फोन पुन्हा उलटला, पडदा उघडला आणि चांगला निरखून पाहिला. त्याची जुनी सवय होती ती, कुणाचंही ड्रॉइंग हातात आलं की अशीच नजर फिरवायची.

"छान," तो म्हणाला. आणि माझ्या हातावर थोपटलं.

मी परत आले. काही दिवस वैनीने रिक्षाने न्यायची व्यवस्था केली, पण रिक्षावाले बदलत आणि प्रत्येकाला पत्ता सांगावा लागे. मग बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी व्हिडिओवर शिकवून पाहिलं. पडद्यावरच्या चेहऱ्यापुढे अण्णा अगदीच मिटून जायचा. तोपर्यंत दोन दोन शब्द जोडून बोलायला लागला होता, ते कमी झालं. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की त्याने बीदरला आईअप्पांजवळ राहावं. वैनी नोकरीमुळे बंगळूरलाच राहिली. सुट्टी लागली की येते.

आता तो खाली असतो, मी वर. चौकोनांची माझी विनंती ऑफिसच्या यादीत अजून तशीच आहे. अधूनमधून कुणीतरी तिच्याखाली लाइकचा अंगठा ठेवून जातं.

परवा जेवताना त्याला काहीतरी हवं होतं. हात पुढे करून तो शब्द शोधत राहिला. शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, शब्द तुम्ही देऊ नका, त्याला शोधू द्या. मी आईला खुणेने थांबवलं. ताटातलं वरण निवत चाललं होतं. अप्पांनी न राहवून मिठाचं भांडं उचललं आणि त्याच्यापुढे सरकवलं.

मी म्हणाले, "अप्पा, कामून दिलाव? सापडला असता त्याला."

अप्पा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तवर त्यानं आळणीच खावं काय?"

अण्णाने मीठ घेतलं आणि जेवायला लागला. आम्हीही जेवलो.